हात पाठीमागे

आमच्या टोळक्यात मोटरसायकल घेण्याआधी ती पाडायची पद्धत आहे. बाकीचे लोक नवी गाडी आली की लिंबू-मिरची बांधतात, पेढे वाटतात. आम्ही ती मुरमात आडवी करतो. ज्याला घ्यायची आहे त्याने ती एकट्याने उभी करायची आणि बाकीच्यांनी हात पाठीमागे बांधून बघायचं. उभी केली तर त्याने ती खुशाल घ्यावी. नाही जमलं तर दुसरी शोधावी, मग पहिली कितीही मनात भरलेली असो. शोरूममधली नवी घ्यायची असेल तर तसलीच गाडी कुणाकडे तरी असते, ती तासाभरासाठी मागून आणायची.

नियम काढला आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर काकांनी. वाळूजच्या एका कारखान्यातून ते फिटर म्हणून रिटायर झाले आणि बजाजनगरात माझ्या मागच्या गल्लीत राहतात. "गाडी कशी चालवता ते मला नका सांगू," ते म्हणायचे. "डोंगरात ती पडणारच हाय. पडल्यावर तुमची तुम्हाला उचलता येती का, तेवढं बोला." रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण दौलताबाद, खुलताबाद, म्हैसमाळच्या बाजूला निघतो आणि डांबर सोडून मिळेल त्या वाटेला लागतो. त्यातल्या निम्म्या वाटा मेंढरांनी पाडलेल्या आहेत. माझ्या वडिलांची हयात असल्याच वाटांवर मेंढरं राखण्यात गेली. मी तिथे हौसेने पेट्रोल जाळायला जातो याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटायचं. "चालायच्या वाटंनं गाडी कशाला घालता रं?" ते विचारायचे.

माझी नोकरी वाळूजलाच आहे, पार्ट तपासायची. सुटा भाग हातात घ्यायचा, मापाला लावायचा आणि केसाएवढा फरक असला तरी लाल पेटीत टाकायचा. लाइनवरची माणसं मला मनातल्या मनात शिव्या घालतात हे मला माहीत आहे. काही जण मोठ्यानेही घालतात. सुपरवायझर खांद्यावर हात टाकून सांगतो, "जाऊ द्या की, एवढं चालतं." मी जाऊ देत नाही. इतक्या वर्षांत कुणाच्या प्रेमाखातर एक पार्ट पुढे सोडलेला नाही. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. असा माणूस एका सकाळी काय करून बसला ते कळावं म्हणून सांगतोय.

माझा मित्र शहागंजात गाड्यांच्या सीट शिवतो. त्याचे वडील टांग्याच्या गाद्या शिवायचे. टांगे गेले, सुई राहिली. मी त्याच्याकडे पहिल्यांदा गेलो तो कंबर धरली म्हणून. त्याने मला स्टुलावर बसवलं, मागून-पुढून बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही डावीकडं कलून बसता." एवढ्या वर्षांच्या संसारात हे माझ्या बायकोला दिसलं नव्हतं. त्याने फोम एका बाजूने कापून सीट पुन्हा शिवून दिली आणि कंबर खरोखर दुखायची थांबली. पुढे 'तुम्ही'चं 'तू' झालं, मी त्याला डोंगराची चटक लावली आणि रविवारचे आम्ही जोडीदार झालो. तो उंचीने बेताचा, अंगाने वाळका. पण बोटं अशी, की जाड रेक्झिन रुमालासारखं ओढतो. जीभही तशीच. मी चढावर गाडी बंद पाडली की मागून ओरडायचा, "रिजेक्ट! लाल पेटीत टाका याला!"

तेव्हा तो एक साधी जुनी गाडी चालवायचा. मग त्याच्या डोळ्यांत मोठी गाडी भरली. सिडकोतल्या एकाची होती, वापरलेली. उंच, पुढे काच, मागे दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे, वजन दोनशे किलोच्या वर. नुसती उभी असली तरी कुठून तरी लांबून आल्यासारखी दिसायची. तो तिच्याभोवती दोनदा फिरला आणि सीटवरून हात फिरवत राहिला. "सीट एकदम भिकार हाय," म्हणाला. "पण ती मी बघून घेईन." मी काय ते ओळखलं. मनाने त्याने ती घेऊन टाकली होती.

आमच्या शहरातल्या सातारा परिसराच्या मागे, डोंगराच्या पायथ्याला मुरमाचं एक मोकळं रान आहे. आमची परीक्षा तिथे होते. हिवाळ्यातली सकाळ होती. जड गाडी उचलायची रीत अशी, की तिच्याकडे पाठ करायची, बूड सीटला टेकवायचं, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने सीटमागचा पाइप धरायचा आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत तिला उभी करायची. जोर जास्त झाला तर ती पलीकडे कोसळते, म्हणून पलीकडे एक जण उभा करतात. गाडी अंगावर यायला लागली तरच त्याने हात पुढे करायचे. तोवर त्याचेही हात पाठीमागेच. त्या दिवशी पलीकडे मी होतो.

पहिल्यांदा त्याने जोर लावला तेव्हा गाडी हललीच नाही. दुसऱ्यांदा वीतभर उठली आणि खाली बसली. समोर सगळे हात बांधून उभे होते. त्यातल्या दोघांनी, दोघेही त्याच्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान, नुकत्याच असल्याच गाड्या एका दमात उचलल्या होत्या. तिसऱ्यांदा गाडी गुडघ्याएवढी वर आली आणि अडकली. वरही जाईना, खालीही येईना. त्याची पाठ माझ्याकडे होती. मला फक्त त्याची मान दिसत होती आणि ती थरथरत होती.

आमच्याकडे मेंढरू बसलं आणि त्याला उठता येईना, की त्याच्या पोटाखाली हात द्यायचे. मला चालता यायला लागल्यापासून मी हे करत आलो. पडलेलं उठायला धडपडतंय आणि आपण हात बांधून बघतोय, हे आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. वडील याच्यापुढे आणखी एक गोष्ट सांगायचे. "पायावर आलं की लगीच हात काढ. नायतर ते तुझ्या हातावर उभं ऱ्हातंय, पायावर नाय." त्या सकाळी माझ्या हातांना पहिली अर्धी गोष्टच आठवली. एक हात डब्याआडून मागच्या पाइपला गेला, दुसरा काचेआडून हँडलला, आणि मी गाडी माझ्याकडे ओढली.

गाडी सरळ उभी राहिली. तो वळला तेव्हा माझे हात खिशात होते. "देखा? उठाया की नहीं?" तो सगळ्यांना विचारत सुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "घे बाबा, तुझी झाली." त्याने येऊन मला कडकडून मिठी मारली आणि मी खांबासारखा उभा राहिलो. खिशातून हात काढायची सोय नव्हती. एका तळव्यावर पाइपची लाल रेघ उमटली होती आणि बोटांना डब्यावरचा मुरूम लागला होता.

दया आली म्हणून हात लावला, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते अर्धंच खरं आहे. तो नापास झाला असता तर हिरमुसून घरी बसला असता, रविवारी यायचा थांबला असता, आणि मला त्याच्याशिवाय डोंगरात करमत नाही. म्हणजे निम्मा हात मी माझ्यासाठीच लावला. कारखान्यात अशा पार्टला आम्ही सरळ खोटा पास म्हणतो.

पुढचं वर्षभर तो ती गाडी चालवत राहिला. सीट त्याने अशी शिवली, की रस्त्यात लोक थांबून विचारायचे. जिथे गाडी पडली तिथे आम्ही सोबत होतो आणि सोबत असल्यावर कोण कुणाची गाडी उचलतो हे कुणी बघत नाही. मग उन्हाळ्याच्या तोंडाला एका रविवारी मी येतो म्हणालो आणि आयत्या वेळी मला ड्युटी लागली. बाकीचेही कुठेकुठे अडकले होते. तो एकटाच गेला.

म्हैसमाळच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून एक वाट खाली उतरते. तिथे सुट्या दगडांवर त्याची गाडी डावीकडे पडली. वेग म्हणाल तर माणूस चालतो तेवढा. पण घोट्यापासून गुडघ्यापर्यंत डावा पाय गाडीखाली गेला आणि पत्र्याचा डबा नेमका पोटरीच्या वरच्या हाडावर बसला. तिथे तो दीड तास तसाच पडून होता. शेळ्या घेऊन आलेल्या एका बाईला तो दिसला, तिने वस्तीवरून माणसं बोलावली आणि चौघांनी गाडी उचलली. पाणी पाजताना त्या बाईच्या लक्षात आलं, की त्याच्या छातीच्या खिशात फोन आहे. "आवं, फोन हाय की जवळ! मग केला का नाय?" ती त्याच्यावर ओरडलीच म्हणे.

फोन होता. रेंजही होती. हे मला दवाखान्यात त्यानेच सांगितलं, पायाला सळ्या घातलेल्या असताना, हसत.

"तुला करणार होतो," तो म्हणाला. "मग म्हटलं, तू ड्युटीवर. आणि तू येऊन आधी हसणार. म्हटलं, च्यायला, सगळ्यांसमोर एकट्यानं उचलली होती की मी हिला! आज का उठत नाय? दम घ्यायचो, परत जोर लावायचो. परत दम घ्यायचो. वाटायचं, आता उठंल. त्या दिवशी पण तिसऱ्या टायमालाच उठली होती."

मी त्याच्या उशाशी मोसंबी सोलत बसलो होतो. सोलतच राहिलो. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की हाड जुळेल. पण नस फार वेळ दाबली गेली. तासभर आधी पाय निघाला असता तर कदाचित निभावलं असतं. त्याचा डावा पंजा आता वर उचलत नाही. चालताना बोटं जमिनीला घासतात म्हणून बुटात प्लास्टिकची पट्टी घालावी लागते. मला त्या दिवसापासून झोप नीट लागत नाही असं म्हटलं तर नाटकी वाटेल, पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं हे मी चांगलं शिकलो. कुणी सहज म्हणालं, "बिचारा, एकदा उचलली होती त्यानं," की मी विषय बदलायचो. सांगायचं दहादा ठरवलं. प्रत्येक वेळी वाटायचं, याचा पाय गेला, गाडी घरच्यांनी विकून टाकली, रविवार गेले. आता त्याच्याकडे मिरवायला ती एकच सकाळ उरली आहे आणि तीही मीच काढून घेऊ?

दीडेक वर्षाने भाभींचा फोन आला. त्याच्या बायकोला मी भाभी म्हणतो आणि त्या मला भाईसाब. "भाईसाब, इन्होंने फिर गाडी का नाम निकाला," त्या म्हणाल्या. "गाडी घेऊ द्या, मी अडवत नाही. घरात बसून बसून तो माणूस वाळत चाललाय. पण तसलीच मोठी पाहिजे म्हणतात. तुम्ही समजावा ना. तुमचंच ऐकतात." मी बरं म्हणालो. फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "तोंड का उतरलं?" तिलाही मी काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहागंजात गेलो. दुकानात नेहमीसारखा रेक्झिन चिकटवायच्या सोल्युशनचा वास होता आणि भिंतीवर खिळ्याला मोठ्या गाडीची ती सीट टांगलेली होती. गाडी विकताना त्याने सीट काढून घेतली होती आणि विकत घेणाऱ्याला कंपनीची भिकार सीट परत लावून दिली होती. मी चहा सांगितला आणि माझं प्रवचन सुरू केलं. मी तयारी करून आलो होतो.

डोंगरातल्या वाटेला हलकी गाडीच लागते, मी म्हणालो. आमच्यातल्या एकाकडे आहे तसली, दीडशे किलोच्याही आतली, पोरंसोरं उचलतात अशी. अंगाने सडपातळ, तारांची चाकं, पुढे काच नाही, मागे डबे नाहीत, म्हणजे पडली तरी फुटायला काही नाही. इंजिन हवेवर थंड होणारं, साधं, कुठलाही गल्लीतला मेकॅनिक खोलेल. पुढचं चाक मोठं असल्यामुळे दगडावर चढताना अडत नाही. हायवेला ऐंशीच्या वर थरथरते हे खरं, पण आपल्याला हायवेला कुठे जायचंय? आणि पाय अडकलाच तर एका लाथेने बाजूला होते. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. तो चहा पिता पिता थांबला.

"ती काय गाडी हाय?" तो म्हणाला. "सायकलला इंजिन लावलंय. लोक म्हणतील लंगड्याला लंगडी घोडी." मग बोटावर मोजून त्याने माझी एकेक गोष्ट निकालात काढली. तसल्या गाडीची सीट उंच असते, त्याचे पाय टेकणार नाहीत. गिअर पंजाने वर उचलायचा असतो आणि त्याचा पंजा उचलत नाही. मी म्हणालो, सीटचा फोम तू स्वतः कापशील, दोन बोटं खाली येईल. गिअरला टाचेने मारायची लिव्हर बसवून घेऊ. "मग ती मोठ्या गाडीला पण बसंल की," तो म्हणाला. बोलण्यात त्याला कोण हरवणार?

"वजन," मी म्हणालो. "वजनाचं काय?"

"वजनाचं मला नको सांगू. ते मी उचललंय. तू तर जवळ उभा होतास." त्याने कात्री खाली ठेवली. "त्या दिवशी डोंगरात माझाच दम कमी पडला. उन्हाचं गेलो होतो, सकाळी काही खाल्लं नव्हतं. गाडीचा काय दोष?"

म्हणजे दीड वर्ष तो स्वतःला दोष देत होता. मी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. उलट गयावया केली, की निदान एकदा ती हलकी बघ, माझ्या समाधानासाठी. तो हसला. "ठीक हाय. शुक्रवारी दुकान बंद असतंय. शुक्रवारी तुझी सायकल बघू. रविवारी मोठी. मी काकांशी बोलून ठेवलंय, सगळे येणार हायत."

त्या आठवड्यात माझी सेकंड शिफ्ट होती, सकाळ मोकळी. शुक्रवारी मी हलकी गाडी मागून आणली आणि त्याला मागे बसवून त्याच मुरमाच्या रानात गेलो. वाटेत तो माझ्या खांद्यावरून रस्ता बघत होता आणि उगाचच हसत होता. किती दिवसांनी दुचाकीवर डोंगराकडे चालला होता. त्याच्या हसण्याने मला आणखीच कसंतरी झालं.

गाडी स्टँडवर लावली. तो तिच्याभोवती फिरला, एकदाच. सीट दाबून बघितली, हँडल हलवून बघितलं. "बरी हाय," म्हणाला, जसं सोयरीक मोडायची ठरवून आलेला माणूस मुलगी बरी आहे म्हणतो. मग डोंगराकडे बघत म्हणाला, "रविवारी पलीकडं तूच उभा ऱ्हा. दुसरा कुणी नको. मागच्या वेळी तूच होतास, तुझा पायगुण चांगला हाय."

मला वाटलं होतं, सांगायची वेळ आली की शब्द जुळवावे लागतील. तसं काही झालं नाही.

"मागच्या वेळी मी हात लावला होता," मी म्हणालो.

त्याला कळलं नाही. "कुठं?"

"गाडीला. तू उचलत होतास तेव्हा. तिसऱ्यांदा ती गुडघ्याला अडकली होती. मी पलीकडून ओढली. ती तू एकट्यानं उचललीच नव्हतीस."

मला वाटलं शिवी देईल. त्याच्या शिव्या जबरदस्त असतात आणि मला त्या वेळी एक तरी मिळायला हवी होती. तो खाली बसला, तिथेच मुरमात, डावा पाय लांब करून. बराच वेळ बुटाच्या नाडीशी चाळा करत बसला.

"दीड तास," तो म्हणाला. "दीड तास मी म्हणत होतो, अजून थोडा जोर. अजून थोडा." त्याचा आवाज चढला नव्हता. "फोन इथं होता." त्याने छातीवर हात ठेवला.

"माहीत आहे."

"तुला दवाखान्यात पण माहीत होतं."

"होतं."

"आणि तू मोसंबी सोलत होतास."

माफ कर म्हणालो. ते इतकं हलकं पडलं, की माझं मलाच ऐकू आलं नसावं. खालून रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, गाणी लावलेला. तो लांब जाईपर्यंत आम्ही दोघेही त्याच्याकडे बघत होतो, दुसरीकडे कुठे बघावं ते कळत नव्हतं.

मग त्याने विचारलं, "एक हात लावला होतास का दोन्ही?"

मला कळलं तो काय विचारतोय. एक हात असता, तर अर्ध्याहून जास्त गाडी त्याने उचलली असं झालं असतं. त्याची ती सकाळ निदान तेवढी तरी शाबूत राहिली असती. 'एकच' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. बोललो असतो तर त्याने मानला असता, आणि रविवारी त्याच आधारावर तो परत त्या मोठ्या गाडीखाली बूड लावून बसला असता.

"दोन्ही," मी म्हणालो. "सगळा जोर लावून."

त्याने मान हलवली. दुकानात गिऱ्हाईक माप सांगतं तेव्हा हलवतो तशी. मग हाताने जमीन रेटून उठला. मी सवयीने पुढे झालो तसा त्याने नुसता हात वर केला आणि मी जागीच थांबलो. "आडवी कर तुझी सायकल," तो म्हणाला.

मी हलकी गाडी डाव्या कुशीवर आडवी केली आणि पलीकडे जाऊन उभा राहिलो. हात पाठीमागे घेतले. एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं. त्याने गाडीकडे पाठ केली, बूड टेकवलं, हँडल धरलं. पहिल्या जोराला डावा पंजा मुरमातून घसरला आणि तो गुडघ्यावर आला. गाडी हलकी आहे, पोरंसोरं उचलतात, हे मीच त्याला दुकानात सांगितलं होतं. दुसऱ्यांदा गाडी निम्मी उठली आणि तो पाय पुन्हा दगा देऊन गेला. मला परत त्याची मान दिसत होती. तीच मान, आता केस जास्त पांढरे. पाठीमागे माझी नखं माझ्याच मनगटात रुतत होती आणि वडील समोर असते तर मी त्यांना विचारलं असतं, हे तुम्हाला तरी बघवलं असतं का?

त्याने दम घेतला. मग डावी टाच मुरमात ठोकून ठोकून खड्डा केला, त्यात पाय रोवला आणि पंजाचं काम टाचेवर घेऊन तिसऱ्यांदा जोर लावला. गाडी हळूहळू आली. मध्ये थांबली, परत आली. उभी राहिली. ती माझ्याकडे जरासुद्धा झुकली नाही.

तो तिच्या सीटला टेकून धापा टाकत उभा होता. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं आणि वाजवायची माझी हिंमत नव्हती. श्वास जरा ताळ्यावर आला तसा तो वळला.

"हात दाखव," म्हणाला.

मी दोन्ही हात पुढे केले. त्याने ते बोटांत धरून वर केले आणि तळवे बघितले. मुरूम नव्हता, रेघ नव्हती. मग उलटे करून मागूनही बघितले, सावकाश. मनगटावर नखांचे वण होते, त्यांच्यावरून त्याने अंगठा फिरवला.

"हे त्या दिवशीच बघायला पाहिजे होते," तो म्हणाला.

त्याने माझे हात सोडले, गाडीकडे वळला आणि सीट किती खाली घ्यावी लागेल ते फोमवर बोटं ठेवून मोजायला लागला. मी हात तसेच पुढे धरून उभा होतो. ते परत कुठे ठेवायचे ते मला कळेना.